लाल पाकीट की सोनेरी? सॅफ-इन्स्टंट यीस्टचं परीक्षण, साखरेच्या हिशेबाने

सॅफ-इन्स्टंट यीस्टचं कुठलं पाकीट घ्यावं, हे एकाच आकड्यावर ठरतं: मैद्याच्या वजनाच्या किती टक्के साखर पडणार. पाच टक्क्यांपर्यंत लाल पाकीट. दहाच्या पुढे सोनेरी. पाच ते दहाच्या मधे दोन्ही चालतात आणि तिथे उगाच वाद घालण्यात अर्थ नाही. मुंबईत घरून बन, डोनट, सिनॅमन रोल विकणारे बरेच जण मात्र सगळ्यालाच लाल वापरतात, कारण लाल कुठेही मिळतं. मग गोड पीठ फुगत नाही म्हणून यीस्ट दुप्पट करतात आणि बनला यीस्टचा उग्र वास येतो. दोष पाकिटाचा नसतो. ते यीस्ट त्या पिठासाठी नसतंच.

दोन्ही पाकिटं फ्रान्सच्या लसाफ्र कंपनीची. नेहमीचा आकार ५०० ग्रॅमचा, हवा काढून विटेसारखा कडक केलेला. घटक तेच: यीस्ट, सॉर्बिटन मोनोस्टिअरेट आणि अॅस्कॉर्बिक आम्ल. सॉर्बिटन मोनोस्टिअरेट सुक्या पेशी पुन्हा भिजताना त्यांचं आवरण सांभाळतं, अॅस्कॉर्बिक आम्लाने पिठाला थोडा ताण येतो. जीवही एकाच जातीचा, सॅकरोमायसिस सेरेव्हिसी; फक्त वाण निराळं. इंद्रायणी आणि आंबेमोहर दोन्ही तांदूळच, तसं. एका ग्रॅममध्ये हजार कोटींच्या घरात पेशी असतात. त्यातली प्रत्येक पेशी आपल्याभोवतीची साखर स्वतंत्रपणे मोजते आणि त्या मापावर आपलं काम बदलते. दोन पाकिटांतला फरक कळायला हे मोजमाप समजून घ्यावं लागतं.

आधी लाल, म्हणजे पावाचं पीठ.

मैद्यात स्वतःची मोकळी साखर एक-दोन टक्केच असते. बाकी सगळा स्टार्च, आणि तो यीस्टला थेट खाता येत नाही. पिठातलं अमायलेज हे एन्झाइम तुटक्या स्टार्चपासून हळूहळू माल्टोज ही साखर काढून देतं. वरून आपण टाकतो ती साखर म्हणजे सुक्रोज. यीस्ट ते बहुतेक सगळं आवरणाबाहेरच फोडतं: इन्व्हर्टेज नावाचं एन्झाइम सुक्रोजच्या एका रेणूचं एक ग्लुकोज आणि एक फ्रुक्टोज करतं. मग आवरणावरची प्रथिनं कामाला लागतात. स्नफ३ आणि आरजीटी२ ही त्यातली दोन महत्त्वाची. ठेवण साखर आत नेणाऱ्या वाहकांची, पण ती साखर नेत नाहीत. बाहेर ग्लुकोज किती आहे तेवढं ओळखतात आणि पेशीच्या आत लोंबणाऱ्या लांब शेपटीतून खबर देतात. स्नफ३ला थोडक्या ग्लुकोजचीही चाहूल लागते; आरजीटी२ भरपूर असेल तेव्हाच हलतं. खबर पोचली की एरवी दाबून ठेवलेली एचएक्सटी जनुकं उघडतात. एचएक्सटी१ ते एचएक्सटी१७ अशी ही मोठी फौज आहे आणि तिच्यातून खरे वाहक तयार होतात. साखर कमी असेल तर घट्ट पकडणारे, जास्त असेल तर सैल पकडणारे पण भराभर वाहणारे. बॅक्टेरियातले काही साखरेच्या दिशेने पोहत जातात. यीस्टला हलता येत नाही, म्हणून ते दारं बदलतं.

पाव करणाऱ्याच्या कामाची गोष्ट याच्या पुढची आहे. ग्लुकोज मुबलक असेपर्यंत मिग१ हे प्रथिन केंद्रकात ठाण मांडून माल्टोज वापरण्याची जनुकं बंद ठेवतं. ग्लुकोज संपत आलं की स्नफ१ हे एन्झाइम मिग१ला तिथून हलवतं, जनुकं उघडतात आणि पेशी माल्टोज आत घ्यायची तयारी सुरू करते. या तयारीला वेळ लागतो. म्हणून बिनसाखरेच्या पिठात पहिली उसळी झाल्यावर फुगणं मंदावतं आणि थोड्या वेळाने पुन्हा जोर धरतं. नेमकं या मंद वेळेत घाबरून लोक पीठ उन्हात नेऊन ठेवतात, नाहीतर पुन्हा मळायला घेतात. बेकरीसाठी निवडलेल्या वाणांमध्ये ही अडखळ लहान असते, लालमध्येही लहानच आहे, पण शून्य नाही.

उपाय स्वस्त आहे: लादी पावाच्या पिठात मैद्याच्या दोन-तीन टक्के साखर. एक ग्रॅम साखर पूर्ण आंबली तर मुंबईच्या तापमानाला हिशेबाने साधारण २८० मिलिलिटर कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे अर्धा किलो मैद्यात पडलेल्या १५ ग्रॅम साखरेत चार लिटरच्या वर वायू आहे. बराचसा निसटतो, तरी पावाला पुरून उरतो. यापेक्षा जास्त साखर टाकाल ती चवीसाठी आणि रंगासाठी. फुगण्याला तिचा उपयोग नाही. ब्रूनसारख्या कडक पावाला जास्त वेळ देणार असाल तर साखर अगदी वगळली तरी चालते. माल्टोजची दारं उघडायला तेवढा वेळ मिळतो.

लालसाठी आमचं प्रमाण असं: मैदा ५०० ग्रॅम, पाणी ३१० ते ३२० मिलिलिटर, साखर १५ ग्रॅम, मीठ ८ ग्रॅम, तेल किंवा लोणी १५ ग्रॅम, यीस्ट ५ ग्रॅम. मे महिन्यात यीस्ट साडेतीन-चार ग्रॅमवर आणा. खोली ३२ अंशांवर आणि मैदाही जवळपास तेवढाच गरम असेल तर पाणी १५ अंशांच्या आसपास हवं. तरच मळून झालेलं पीठ २७-२८ अंशांवर येतं. मात्र यीस्ट आधी मैद्यात मिसळा, मगच गार पाणी ओता. सुक्या पेशीवर थेट फ्रिजचं पाणी पडलं तर भिजताना तिचं आवरण गळकं होतं, आतलं ग्लुटाथायोन हे पिठाची ताकद कमी करणारं रसायन पिठात उतरतं आणि पीठ सैल पडून हाताला चिकटायला लागतं. दोष मैद्याला दिला जातो. पावात लालला आमच्याकडून पूर्ण गुण.

आता गोड पीठ. बन मस्क्याचा बन, ख्रिसमसच्या दिवसांतला फळं घातलेला गोड ब्रेड, डोनट. साखर पंधरा, वीस, पंचवीस टक्के.

जास्त साखर म्हणजे यीस्टला जास्त खाऊ, ही समजूत इथे फसते. साखर पिठातल्या पाण्यात विरघळते आणि ते गोड पाणी पेशीतलं पाणी बाहेर ओढतं. शंभर ग्रॅम मैदा, साठ ग्रॅम पाणी, वीस ग्रॅम साखर असं पीठ घेतलं तर पेशीभोवती जवळजवळ पाक असतो. त्यात वर सांगितलेलं इन्व्हर्टेज भर टाकतं. ओढ रेणूंच्या संख्येवर ठरते, वजनावर ठरत नाही. सुक्रोजचा एक रेणू फुटून दोन झाले की त्याच वीस ग्रॅम साखरेची ओढ दुप्पट होते. ज्या वाणात इन्व्हर्टेज तगडं, ते आपल्याच हाताने आपली अडचण वाढवतं. साध्या पिठात जो गुण तोच इथे अवगुण.

ही ओढ ओळखायला पेशीकडे वेगळी यंत्रणा आहे. एसएलएन१ आणि एसएचओ१ ही आवरणावरची प्रथिनं ताण जाणवला की हॉग१ नावाच्या एन्झाइमला जागं करतात. पेशी साखरेचा काही भाग आंबवायचा सोडून ग्लिसरॉल हा आत पाणी धरून ठेवणारा पदार्थ बनवायला वळवते, ग्लिसरॉल बाहेर सोडणारी एफपीएस१ ही खिडकी बंद करते आणि आतला दाब बाहेरच्याशी जुळेपर्यंत थांबते. तेवढा वेळ वायू नाही, किंवा अगदी थोडा. आपल्याला बाहेरून दिसतं ते एवढंच की पीठ तासभर ढिम्म आहे.

सोनेरी पाकिटातलं वाण नेमकं यासाठी निवडलेलं असतं. अशा साखर सोसणाऱ्या वाणांत इन्व्हर्टेज कमी असतं, त्यामुळे साखर बेताबेताने फुटते. ताणातून सावरणंही लवकर होतं. त्याची दुसरी बाजू साध्या पावात दिसते. साखर कमी असताना सुक्रोज सावकाश फुटल्याचा काहीच फायदा नाही, आणि लालच्या तुलनेत पीठ मागे पडतं. म्हणून ‘महाग म्हणजे चांगलं’ या हिशेबाने सोनेरी आणून लादी पावाला वापरू नका.

विकत घेण्याआधी खात्री हवी असेल तर मैत्रिणीकडून दोन्ही दहा-दहा ग्रॅम मागून आणा आणि हे करून बघा. मैदा ५० ग्रॅम, मीठ पाऊण ग्रॅम, यीस्ट अर्धा ग्रॅम. असे चार गोळे: दोन लालचे, दोन सोनेरीचे, प्रत्येक जोडीत एकात साखर १ ग्रॅम, दुसऱ्यात १२ ग्रॅम. पाणी पहिल्याला ३१ मिलिलिटर, गोडाला २७, कारण साखर विरघळली की पीठ आपोआप सैल होतं. अर्ध्या ग्रॅमसाठी दागिने तोलायचा छोटा काटा लागतो. चमच्याने मोजलेल्या चाचणीवर विश्वास ठेवू नका. गोळे सरळ उभ्या काचेच्या ग्लासात तळाशी दाबून बसवा, बाहेरून खूण करा, वर ओला रुमाल टाका आणि चारही ग्लास एकाच ओट्यावर ठेवा. दर वीस मिनिटांनी नवी खूण. कमी साखरेत लाल पुढे जातं. जास्त साखरेत दोन्ही उशिरा सुटतात, पण सोनेरी आधी सुटतं, आणि तिसऱ्या-चौथ्या खुणेपासून अंतर उघड दिसायला लागतं. एखादं पाकीट दोन्ही ग्लासांत मागे राहिलं तर साखरेला बोल लावू नका. ते यीस्ट जुनं आहे.

सोनेरीसाठी बनचं प्रमाण: मैदा ५०० ग्रॅम, साखर १०० ग्रॅम, मीठ ६ ग्रॅम, दूध पावडर २० ग्रॅम, लोणी ७० ग्रॅम, पाणी २५० मिलिलिटरच्या आसपास, यीस्ट ८ ते ९ ग्रॅम. मीठ मुद्दाम कमी आहे. पाणी ओढण्यात एक ग्रॅम मीठ जवळजवळ बारा ग्रॅम न फुटलेल्या साखरेच्या तोडीचं असतं. पावाच्या सवयीने गोड पिठातही दहा ग्रॅम मीठ टाकलं तर यीस्टच्या दृष्टीने पन्नासेक ग्रॅम साखर वाढवल्यासारखं आहे. गोड ब्रेड बसण्याची जी कारणं आहेत, त्यात हे सगळ्यात कमी बोललं जातं. लोणी शेवटी, पीठ लवचिक झाल्यावर. खारं लोणी वापरत असाल तर त्यातलंही मीठ मोजा.

साखरेचा टक्का काढताना डब्यातली साखर तेवढी मोजून भागत नाही. कंडेन्स्ड मिल्कच्या शंभर ग्रॅममध्ये चाळीस ग्रॅमच्या वर घातलेली साखर असते. बिनअंड्याच्या पाककृतीत अर्धा डबा गेला की पीठ नकळत पुढच्या गटात जातं. मध तर आधीच फुटलेल्या ग्लुकोज-फ्रुक्टोजचा, त्याची ओढ पहिल्या मिनिटापासून पुरी. गूळ साखरेसारखाच धरा, थोडा सौम्य. दुधातली साखर उलट: लॅक्टोज या यीस्टला खाताच येत नाही, ते शेवटपर्यंत तसंच राहतं आणि वरचा पापुद्रा तांबूस करतं. सुक्रालोज किंवा स्टीव्हियाच्या गोळ्या टाकून ‘शुगर-फ्री’ पाव करणाऱ्यांनी हे पीठ बिनसाखरेचं समजूनच वेळ द्यावा, यीस्टला त्यात खाण्यासारखं काही नाही. आणि दालचिनी पिठात मिसळू नका, सारणात भरा. तिच्यातलं सिनॅमाल्डिहाइड यीस्टला थेट मारक आहे, लवंगही तशीच. हा त्रास सोनेरीलाही होतो.

सोनेरी मिळालंच नाही तर? लालवर निभावता येतं, पण वेळ जातो. ३०० ग्रॅम मैदा, १८० मिलिलिटर पाणी, ७ ग्रॅम लाल यीस्ट आणि १० ग्रॅम साखर एवढंच आधी कालवा आणि ४५ ते ६० मिनिटं फुगू द्या. मग उरलेला मैदा, मीठ, पाणी आणि निम्मी साखर; पाच-सात मिनिटं मळल्यावर बाकीची साखर, शेवटी लोणी. साखर टप्प्याने गेल्याने पेशींना एकदम धक्का बसत नाही. पंधरा टक्क्यांपर्यंत हे छान जमतं, वीसला ओढूनताणून. त्यापुढे हट्ट करू नये. चुकीच्या यीस्टचा बन ओळखायचा तर कापून बघा: वरून गडद, कारण न खाल्लेली साखर भट्टीत करपायला आलेली, आत बारीक घट्ट जाळी आणि तळाला कच्चटपणा. जास्त भाजून हे सुटत नाही, नुसता वाळतो.

साखरेच्या कोमट पाण्यात यीस्ट ‘जागं’ करण्याबद्दल. या दोन्ही पाकिटांना त्याची गरज नाही. दाणे बारीक आहेत, थेट मैद्यात जातात. मोठ्या गोल दाण्यांच्या अॅक्टिव्ह ड्राय यीस्टला ते लागतं, तेही ४० अंशांच्या पाण्यात, साखर चिमूटभर. पाकीट जिवंत आहे का ते पाहायचं असेल तर एकदा जरूर करा, दहा मिनिटांत फेस आला पाहिजे. पण रोजचा विधी म्हणून त्याने उलट तोटा होऊ शकतो. सुक्या यीस्टमध्ये ट्रेहलोज नावाची साखर साठवलेली असते, कधी सुक्या वजनाच्या दहा टक्क्यांहूनही जास्त. वाळताना आणि गोठताना पेशीचं आवरण तीच वाचवते. पेशीवरचं जीपीआर१ हे प्रथिन बाहेरचं ग्लुकोज किंवा सुक्रोज ओळखतं, आत सीएएमपी या निरोप पोचवणाऱ्या रेणूची लाट उठते आणि ट्रेहलोजची मोड सुरू होते. दिवस चांगले आले, आता शिदोरी सांभाळायची गरज नाही, असा पेशीचा हिशेब. तेव्हा पीठ करून फ्रीझरला टाकणाऱ्यांनी यीस्टला अजिबात गोड पाणी पाजू नये: पीठ गार पाण्यात २० अंशांच्या आसपास मळावं, लगेच आकार द्यावा आणि फुगू न देता गोठवावं. आधी तासभर फुगवून मग गोठवलेल्या पिठात बाहेर काढल्यावर जोर उरत नाही.

कारखान्यातही हाच जीव साखरेपासून जपून वाढवावा लागतो. मळीचं गोड द्रावण एकदम ओतलं तर भरपूर हवा देऊनही यीस्ट दारू बनवत बसतं आणि स्वतः कमी वाढतं. याला क्रॅबट्री परिणाम म्हणतात. म्हणून मळी थेंबाथेंबाने सोडतात, पेशीला सतत अर्धपोटी ठेवतात, आणि शेवटी उपाशी ठेवून ट्रेहलोज साठवायला लावतात. पाकिटाची किंमत या सबुरीची आहे. त्यामुळे ती किंमत सुट्ट्या पिशवीत घालवणं आम्हाला पटत नाही.

क्रॉफर्ड मार्केटच्या आसपास आणि दादरलाही बेकिंगच्या सामानाच्या दुकानांत ५० किंवा १०० ग्रॅमच्या प्लास्टिकच्या पुड्या मिळतात. पुडीवर उत्पादनाची तारीख नसते, मूळ वीट कधी फोडली ते कळत नाही, आणि कधीकधी लाल की सोनेरी हेही दुकानदाराच्या शब्दावर असतं. न फोडलेली वीट थंड कोरड्या जागी दोन वर्षं टिकते. फुटल्यावर हवा आणि ओल हे दोनच शत्रू, आणि जुलैत मुंबईत ते दोन्ही दारात उभे असतात. वीट घेताना दाबून बघा: दगडासारखी लागली पाहिजे. बोटाने दबली, आत दाणे सरकले, तर हवा शिरली आहे, परत ठेवा.

महिन्याला दोनदाच पाव करणाऱ्या घराला ५०० ग्रॅम फार होतं, हा दोन्ही पाकिटांचा खरा दोष. तिघा-चौघांत वाटून घ्या. आपला वाटा कोरड्या काचेच्या बरणीत, घट्ट झाकणाने, फ्रीझरमध्ये. बाहेर काढली की लागेल तेवढं वजन करून लगेच परत. बरणी ओट्यावर उघडी राहिली तर गार दाण्यांवर दमट हवेचं पाणी बसतं आणि पुढच्या वेळी गोळे होतात. ओला चमचा तर नकोच. एक लाल, एक सोनेरी अशा दोन बरण्या असतील तर झाकणावर नाव आणि फोडल्याची तारीख लिहा, बाहेर काढल्यावर दाणे अगदी सारखे दिसतात.

ज्यांना बेकरीतून ताजं दाबलेलं यीस्ट मिळतं त्यांच्यासाठी बदली अशी: १०० ग्रॅम ताजं म्हणजे साधारण ३३ ग्रॅम इन्स्टंट. ताज्यात सत्तर टक्के पाणी असतं, तेवढं पाणी पिठात वाढवावं लागतं. फ्रिजमध्ये ते दोन-तीन आठवडे राहतं, म्हणून रोज भट्टी पेटवणाऱ्यालाच परवडतं.

खरेदीपुरतं सांगायचं तर पाव, पिझ्झा, नानसाठी लाल, डोळे मिटून. बन-डोनटच्या ऑर्डरी नियमित असतील तर सोनेरी शोधायची खटपट करा. वर्षातून एकदा डिसेंबरात गोड ब्रेड करणाऱ्याने त्यासाठी अख्खी वीट घेऊ नये. एखाद्या ओळखीच्या बेकरकडून पंचवीस ग्रॅम मागावं, दोन-तीन बॅचना तेवढं पुरतं.